मशीन पाहायला तू नरेशला नेलंस

सुखदेव, काल तुझं पुण्यानुमोदन झालं. त्रिशरण-पंचशील झालं, तुझ्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या आणि मग आदरांजलीसाठी माइक फिरायला लागला. तुझे साडू बोलले, वॉर्डातले एक काका बोलले, आणि नंतर माइक लोधीखेड्याच्या नरेशच्या हातात गेला. मी मागच्या रांगेत, मंडपाच्या खांबाला टेकून बसलो होतो. तुझ्याबद्दल बोलायचा पहिला हक्क कोणाचा, हे मंडपातल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. काहींनी माना वळवून माझ्याकडे पाहिलंही. पण नरेश पुढच्या रांगेत बसला होता. मी त्याच्या कितीतरी आधी आलो होतो, तरी पुढच्या रांगेत तो होता.

त्यानं सुरुवात केली ती नेमकी तिथूनच. "सुखदेवभाऊ अन् मी नागपूरले मशीन पाहाले गेलो होतो, त्या दिवसाची गोष्ट सांगतो." मग सगळी कथा. सकाळची गाडी कशी धावत पकडली, दिवसभर दुकानं कशी पालथी घातली, दुकानदार कसे वैतागले आणि तरी भाऊंना एकही मशीन कसं पसंत पडेना. लोक आधी हसले, मग त्यांनी डोळे पुसले. शेवटी तो म्हणाला, "भाऊले तसंच मशीन कायले पाहिजे होतं, ते इथं सांगत नाई. ज्याले सांगाचं हाय त्याले सांगन." आणि खाली बसला. तुझी अन् त्याची काहीतरी खाजगी गोष्ट होती, आणि ती आहे एवढं अख्ख्या मंडपाला कळलं, फक्त कोणती ते कळलं नाही. मी न जेवताच निघालो. सुनंदा बसस्टँडपर्यंत मागून बोलत आली. मी बायकोचंही ऐकलं नाही.

मंडपात बोललो असतो तर तुझ्याशी भांडलोच असतो, आणि तुझ्या फोटोला हार घातलेला असताना ते बरं दिसलं नसतं. म्हणून आता बोलतो. आयुष्यात एकदा आपण दोघांनी धड मशीन घ्यायचं ठरवलं. लाकूड कापायचं मशीन, आपल्या पोटापाण्याचं. ते पाहायला मला सोडून तू नरेशला का नेलंस, एवढंच मला विचारायचं होतं. पोळ्याच्या आधीपासून हा प्रश्न मी मनात धरून होतो, आणि तू उत्तर न देता निघून गेलास.

नरेश माणूस वाईट नाही, हे आधीच म्हणून टाकतो. नाहीतर तुझ्या घरी रंजनावहिनी म्हणतील, गजूभाऊजी जळतात. जळतोच. पण नरेश ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या बसवतो, सुखदेव. त्यानं उभ्या जन्मात फळीला रंधा लावलेला नाही. सागवान आणि हलकं आडजात लाकूड त्याच्यापुढे ठेवलं तर तो दोन्हींचा फोटो काढेल. गेली काही वर्षं सौंसर-पांढुर्ण्यात ज्या घरात आपली चौकट-खिडकी जायची त्या घरात याची चकचकीत पट्टी जाते. आपलं काम खाणारा माणूस, आणि तोच तुझा सल्लागार. हे म्हणजे संत्र्याची बाग पाहायला केळीवाल्याला नेण्यासारखं झालं.

मला मात्र तू माझ्या रुसव्यासकट ओळखत होतास. सौंसरला किसन मिस्त्रींकडे आपण एकाच वेळी लागलो. सुरुवात संत्र्याच्या पेट्या ठोकण्यापासून. तेव्हा संत्री लाकडी पेट्यांतून जायची आणि सिझनमध्ये मिस्त्रींच्या अंगणात पेट्यांचा डोंगर असायचा. मी डावखुरा. माझा डावा हात करवतीकडे गेला की मिस्त्री हातातली फूटपट्टी त्यावर हाणायचे. "उजव्या हातानं कर. गिऱ्हाईक काय म्हनन?" गिऱ्हाईक काय म्हणणार होतं ते त्यांनाच माहीत. उजव्या हातानं माझी रेघ वाकडी जायची, की पुन्हा पट्टी.

मिस्त्री चहाला गेले की तू दारात जाऊन उभा राहायचास, माझ्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड. "काप बे आता. आले तं खाकरतो." मी डाव्या हातानं भराभर फळ्या कापून टाकायचो. मिस्त्री येऊन एकेक फळी डोळ्यासमोर धरायचे, काटकोन पाहायला गुण्या लावायचे आणि म्हणायचे, "पाय, उजव्या हातानं कसं सरळ येते." आपण एकमेकांकडे पाहायचो नाही. पाहिलं असतं तर दोघांनाही हसू फुटलं असतं आणि दोघांनाही पट्टी बसली असती.

मिस्त्री गेले, पट्टी गेली, सवय राहिली. एकटा असलो की डावा, चारचौघांत उजवा. गिऱ्हाइकाच्या घरी मी उजव्या हातानं काम करतो, हळू करतो, आणि लोक म्हणतात गजानन सावकाश करतो पण चोख करतो. त्यांना काय माहीत मी सावकाश का करतो. माझा खरा हात दोघांनीच पाहिला होता. सुनंदानं घरात आणि तू दुकानात. हे आपण कधी बोलून ठरवलं नव्हतं, पण ते आपलं होतं, आणि त्यात तिसरा नव्हता.

पुढे तू लग्नानंतर पांढुर्ण्याला दुकान टाकलंस, मी सौंसरलाच राहिलो. मोठं काम आलं की दोघांनी मिळून करायचं. मशीन दोन्ही दुकानांत एकाच जातीचं होतं, हातात धरायचं कटर लाकडी टेबलाखाली पालथं ठोकलेलं आणि फटीतून वर आलेलं नुसतं पातं. ना त्यावर झाकण, ना धड गाईड. एक सरळ पट्टी पात्याच्या उजवीकडे शिकंज्यानं आवळायची, फळी तिला घासून पुढे ढकलायची, की झाली गाईड. अर्ध्या जिल्ह्याचे सुतार असंच करतात आणि बोटं मोजून घरी जातात.

उन्हाळ्यात तुझ्या दुकानात मोहगावच्या त्या माणसाची दारं चालली होती. तो समोर स्टुलावर बसून पाहत होता, म्हणून मी उजव्या हातानं फळी ढकलत होतो. फळी पात्यात चिमटली आणि उलटून थेट माझ्या बरगडीत बसली. मशीन चालूच. बंद करायचं बटण टेबलाखाली, माझा हात पोचेना. तू लांबून धावत येऊन प्लगच उपटलास. मी बरेच दिवस एका कुशीवर झोपलो. पण घाबरलास तू जास्त. तू त्या मोहगाववाल्यावरच ओरडलास, "तुम्ही घरी जा न, दारं होतीन!" त्या बिचाऱ्याला कळलंच नाही त्यानं काय केलं.

मग ठरलं की आता धड टेबल सॉ घ्यायचा. आणि तिथेच आपलं बिनसलं. मला पाहिजे होतं बिडाच्या टेबलाचं, जमिनीत बोल्ट मारून बसवायचं, पट्ट्यावर चालणारं मशीन. एकदा बसवलं की आपल्या नातवांनीही वापरावं असं. तुला पाहिजे होतं उचलून नेता येणारं, घडीच्या स्टँडचं, खाली चाकं असलेलं. सौंसरच्या स्टँडवर चहा पिता पिता आपण किती वेळ भांडलो, चहावाल्यानं शेवटी न विचारता दुसरा कप दिला.

"मशीन म्हंजे का नवी नवरी हाय? चार दिवस माहेरी अन् चार दिवस सासरी," मी म्हणालो.

"तसंच समज. तुह्याकडे काम असन तं तुह्याकडे, माह्याकडे असन तं माह्याकडे. दोघात एक."

"हलते ते. लांब फळी घातली का डगमगन."

"फळीले मागून टेका देता येते न. पण त्याले गार्ड हाय. पात्यामागे लोखंडी पान हाय, फळी चिमटत नाई. अन् बंद कराचं बटण एवढं मोठं, गुडघ्यानं दाबता येते."

"गुडघ्यानं मशीन बंद करन का मिस्त्री?"

"बरगडीत फळी खाण्यापरिस बरं."

मी चिडलो. "तुले घ्याचं तं घे. मी त्या खेळण्याले हात लावणार नाई."

तू कप खाली ठेवलास आणि पांढुर्ण्याच्या बसमध्ये चढलास. आपली भांडणं अशी अर्ध्यावरच सुटायची. दुसऱ्या दिवशी तू फोन करायचास आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू करायचास, नमस्कार-चमत्कार काही नाही. मी फोनची वाट पाहिली. फोन आला तो सुनंदाला, वहिनींचा. नवऱ्याचं विचारल्यावर म्हणाल्या, ते नरेशसोबत नागपूरले गेले मशीन पाहाले.

त्या दिवशी मी एक कपाट तोडलं. गिऱ्हाइकाचं नाही, आपलं घरचंच, जुनं. सुनंदाला सांगितलं वाळवी लागली होती. दिवसभर मला तुम्ही दोघं दिसत होता. गाडीत समोरासमोर बसलात, एका ताटलीत सांबारवडी खाल्लीत, दुकानात तू पात्यावर बोट फिरवलंस आणि मान वळवून नरेशला विचारलंस, "कसं वाटते?" माझा जीव तिथेच अडकला. तीस वर्षं म्हण की जास्त, प्रत्येक फळीला, प्रत्येक जोडाला, प्रत्येक पॉलिशच्या हाताला तू मान वळवून मला विचारत आलास, गजू, कसं वाटते. आणि मी काहीतरी खोट काढायचो. ते विचारणं माझं होतं. ते त्या खिडकीवाल्याला दिलंस म्हणून माझा इतका संताप झाला.

मशीन आलं. तू फोन केलास, "येऊन पाय तं." मी म्हणालो, वेळ नाही. पुन्हा केलास, मी म्हणालो बरगडी दुखते. ती तेव्हा दुखत नव्हती. पांढुर्ण्याहून येणारा जो तो सांगायचा, सुखदेवनं काय मशीन आणलं, टेबल चकचकीत, भुसा थैलीत जमा होते, आवाजही कमी. नरेश आला होता का तिथे, मी विचारायचो. होता म्हणायचे.

मग पोळा जवळ आला. दरवर्षी तान्ह्या पोळ्यासाठी आपण माझ्या अंगणात लाकडी बैल करायचो. लेकरांचे लहान, हौशी बापांचे मोठे. तू धडं कापायचास, मी शिंगं अन् मान. यंदा तू आलास तो नरेशच्या मालवाहू गाडीतून, मागे ते मशीन दोरीनं बांधलेलं. मला न विचारता अंगणात उतरवलंस, स्टँड उघडलंस, आणि गल्ली गोळा झाली. शेजारचे, समोरचे, बैल सांगायला आलेले, सगळे. मी ओट्यावर हातकरवत घेऊन बसलो होतो.

मी पाहिलं तर तू गाईड उलटी लावली होतीस. पात्याच्या डावीकडे. मला बरंच वाटलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "गाईड कोण्या बाजूले असते तेही विसरला का? का नरेशनं शिकवलं?" लोक हसले. तू म्हणालास, "राहू दे, अशीच राहू दे." आणि मशीनच्या उजवीकडे जाऊन उभा राहिलास, फळी डाव्या हातात घेतलीस आणि माझ्याकडे पाहत ढकलायला लागलास. तू उजवा माणूस. तुझा खांदा वर, कोपर बाहेर, पाय अडखळलेला. लोकांना गंमत वाटली. मला वाटलं, तू माझी नक्कल करतोस. इतकी वर्षं दारात पाठ करून जे झाकलंस, ते माझ्याच अंगणात, अख्ख्या गल्लीसमोर उघडं करतोस, आणि त्या नरेशसमोर.

"गजू, एक फळी घाल न," तू म्हणालास.

"नरेशले सांग," मी म्हणालो आणि घरात गेलो.

खिडकीतून मला मशीनचा आवाज येत होता. मध्ये थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. संध्याकाळी तू स्टँड मिटवलंस, धडं रचून ठेवलीस आणि गेलास. ती सगळी धडं थोडी वाकडी कापलेली होती. मी ती घासून सरळ केली आणि प्रत्येकाला घासताना तुला शिव्या दिल्या. नंतर आपण फोनवर बोललो ते कामापुरतं. बिजागरी किती, फेविकॉल कोणता. आणि मग ऐन संत्र्याच्या गाड्या लागल्या असताना तू गेल्याचा वहिनींचा फोन आला. त्या वेळेस आपलं बोलणं अर्धवट होतं, आणि फोन करायची पाळी कोणाची तेही नक्की नव्हतं. मला वाटत होतं तुझी. अजूनही वाटतं.

आज सकाळी वहिनींनी मला दुकानावर बोलावलं. मशीन पडून आहे, येऊन पाहा म्हणाल्या. मी बसमध्ये सगळं पाठ करत आलो. मशीन नरेशला देणार हे मी धरूनच चाललो होतो, आणि त्यानं काय म्हटल्यावर मी काय म्हणायचं ते तयार होतं. दुकानात पाहतो तर तो आधीच आलेला. हा माणूस झोपतो तरी कधी, देव जाणे. मशीन मध्यभागी उघडून ठेवलं होतं, पुसून. गाईड अजून डावीकडेच.

"भाऊजी, हे तुम्ही घेऊन जा," वहिनी म्हणाल्या. "पण आधी नरेशभाऊ काय म्हनते ते ऐका. मी म्हटलं काल मंडपात नका सांगू, त्याईले आवडणार नाई."

मी नरेशकडे पाहिलं. तो खाली पाहत होता.

"भाऊ," तो म्हणाला, "प्रत्येक दुकानात सुखदेवभाऊ मशीनच्या उजव्या बाजूले उभे राहत अन् डाव्या हातानं फळी ढकलून पाहत. गाईड डावीकडे लागते का, लागली तं पात्यापासून जागा किती उरते, अन् तिथून उभं राहून बंद कराचं बटण गुडघ्यात येते का. बस्, हेच. वजन नाई पाहिलं, मोटर नाई पाहिली. बहुतेक मशीनची गाईड डावीकडे धड बसतच नाई. दुकानदार म्हने, भाऊसाहेब तुम्ही तं उजवे दिसता. तं हे म्हने, आज डावा हाय."

वहिनी हसल्या आणि लगेच त्यांनी पदर तोंडाला लावला.

"एकानं म्हटलं, डावऱ्याइसाठी वेगळं मशीन येत नाई. तं म्हने, तुह्याकडे येत नसन, बाजूच्याकडे येत असन. अन् उठले. असं दिवसभर. फळीवर निशाण लावताना जीभ पण काढत होते, अशी, एका कोपऱ्यातून. मी म्हटलं हे का? तं म्हने, तो काढते."

मी जीभ काढतो हे मला माहीत नव्हतं, सुखदेव. सुनंदानंही कधी सांगितलं नाही.

मी म्हणालो, "मंग मले काऊन नाई नेलं?" माझा आवाज चढला होता. नरेश दचकला. मला वाटतं तो प्रश्न मी त्याला नाही, तुलाच विचारला, फक्त तोंड त्याच्याकडे होतं.

"मी पण हेच म्हटलं भाऊले. ज्याच्यासाठी घेता त्यालेच आणाचं होतं न. तं म्हने, त्याले आणलं असतं तं तुम्हा सगळ्याइसमोर त्यानं उजव्या हातानंच करून दाखवलं असतं. अन् आम्ही चुकीचं मशीन घेऊन घरी आलो असतो."

बाहेरून संत्र्याची एक गाडी गेली आणि पत्रे हादरले.

तू बरोबर होतास, म्हणून मला राग आला. मी गेलो असतो तर तसंच केलं असतं. त्या गुळगुळीत फरशीच्या दुकानात, शर्ट खोचलेल्या पोरांसमोर, मी छाती काढून उजव्या हातानं फळी ढकलली असती आणि पहिलंच मशीन ठीक आहे म्हटलं असतं. हे तुला चहाच्या टपरीवरच कळलं होतं आणि तू मला सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी आणखी एक कपाट तोडलं असतं, तेही तुला कळलं होतं. माझ्या अंगणात तू जे केलंस ते नक्कल नव्हती. तू मला दाखवत होतास की बघ, तुझ्या हाताला बसतं. आणि मी तुला सांगितलं, नरेशले सांग.

पण खरं सांगू? ऐकल्यावर पहिल्यांदा आलं ते रडू नव्हतं. मला पुन्हा जळायलाच झालं, पहिल्यापेक्षा जास्त. एक अख्खा दिवस तू मी होऊन नागपुरात फिरलास. माझ्यासारखा उभा राहिलास, माझा हात पुढे केलास, माझी जीभ काढलीस. आणि ते पाहिलं कोणी, तर नरेशनं. मी असा कसा दिसतो ते मला कधी दिसणार नाही, आणि तुझ्या अंगात मी कसा दिसत होतो तेही आता दिसणार नाही. नरेशला ते फुकटात मिळालं, आणि त्याला त्याची किंमतही नाही. माणूस खिडक्या बसवतो.

एक विचारायचं राहिलं होतं. ते मी विचारलं. "तुले त्यानं एकदा तरी विचारलं का, कसं वाटते म्हणून?"

"मले?" नरेश म्हणाला. "मले कायले विचारन? मले तं मशीन उचलाले नेलं होतं. माहं मत सांगाले गेलो तं म्हने, तू टेप धर."

सुखदेव, इतक्या दिवसांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. मी नरेशच्या खांद्यावर हात ठेवला. तो बिचारा समजला मी त्याला धीर देतोय.

मग तोच म्हणाला, "भाऊ, एक काप दाखवा न. सुखदेवभाऊले काही जमत नवतं." वहिनींनी कोपऱ्यातली एक फळी आणून टेबलावर ठेवली. लांब होती, सागवानाची, तुझ्या हातानं निशाण लावलेली. मी मशीनच्या उजवीकडे उभा राहिलो. शटर पूर्ण वर होतं, समोर रस्ता, सकाळची रहदारी, शेजारचा गादीवाला दारात दात घासत उभा. माझा डावा हात उठेना. उजवा आपोआप फळीकडे गेला.

नरेशनं ते पाहिलं. तो उठला, दारात गेला आणि आमच्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

म्हणजे हेही तू त्याला सांगितलं होतंस.

माझं डोकं असं फिरलं की विचारू नकोस. "नरेश, हट तिथून," मी म्हणालो. "ती जागा तुही नाई."

तो गोंधळून बाजूला झाला. वहिनींनीही माझ्याकडे पाहिलं. दार रिकामं राहिलं, सगळा रस्ता आत आला. गादीवाला दात घासायचा थांबला. ज्यांच्या घरी मी उजव्या हातानं कपाटं केली त्यांतला एक जण स्कूटर थांबवून पाहायला लागला. त्या दारात दुसरं कोणी उभं राहण्यापेक्षा ते उघडं राहिलेलं मला चाललं. मी मशीन सुरू केलं, डावा हात फळीवर ठेवला आणि ढकलली.

निशाणावरून केसभर हलली नाही. शेवटाला आल्यावर मी गुडघा मारला आणि पातं थांबलं. आवाज गेल्यावर मी सवयीनं दाराकडे पाहिलं.

"कसं वाटते भाऊजी?" वहिनींनी विचारलं.

मी त्यांना म्हणालो, चांगलं आहे. तुला खरं सांगतो. लांब फळी घातली की टेबल हलतं, सुखदेव. थोडंच, पण हलतं. मी म्हणालोच होतो. आता बोलायची पाळी तुझी आहे.